योसेफाचे कोठार आणि कापसाचा पैसा

नागपूरहून यवतमाळ आणि आर्णी मागे टाकून उमरखेड-नांदेडच्या दिशेने जाणाऱ्या हमरस्त्यावर महागाव हे तालुक्याचे ठिकाण आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातील या तालुक्याचा बहुतेक संसार कापूस, सोयाबीन आणि तूर या तीन पिकांवर चालतो. थोडाबहुत ऊस होतो, पण ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याच्यापुरताच. मृगाच्या पावसावर पेरलेल्या सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती येतो, कापसाची वेचणी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आणि कधी त्यापुढेही चालते, आणि तूर निघून बाजारात गेली म्हणजे वर्षाची आवक संपते. तेथून पुढे, होळीपासून पोळ्यापर्यंत, घरात येणारा पैसा एक तर मजुरीचा असतो किंवा उसनवारीचा. ज्या कुटुंबाची मिळकत चार महिन्यांत येते आणि खर्च मात्र बारा महिने चालतो, त्या कुटुंबाला काटकसरीवरील शहरी पुस्तके फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण त्या पुस्तकांचे कर्ते एक तारखेला पगार मिळणारा वाचक डोळ्यांपुढे ठेवून लिहीत असतात. महागावच्या शेतकऱ्याने त्यांच्या पद्धतीने महिन्याचे अंदाजपत्रक मांडले, तर डिसेंबरात तो श्रीमंत आणि जूनमध्ये दिवाळखोर ठरेल. वस्तुतः तो दोन्ही नसतो.

पवित्र शास्त्र मात्र अशाच हंगामी मिळकतीच्या समाजात लिहिले गेले. वल्हांडण सणाच्या सुमारास जव, त्यानंतर सात आठवड्यांनी गहू, आणि शरदात द्राक्षे व जैतून असा तेथील वर्षक्रम होता. पाऊस वेळेवर न आला तर दुष्काळ पडत होता आणि दुष्काळ पडला की शेत गहाण पडत होते. म्हणून त्या ग्रंथातील पैशाविषयीची शिकवण एखाद्या पेढीवरच्या कारकुनापेक्षा वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याला अधिक जवळची वाटावी, असे माझे मत आहे. या तालुक्यात ख्रिस्ती घरे थोडीच आहेत. तथापि पुढील विवेचन केवळ त्यांच्याच उपयोगाचे आहे असे नाही, कारण पावसाची भीती आणि सावकाराची बाकी ही धर्म विचारून दारात येत नाहीत.

शास्त्रात धान्याच्या कोठारांच्या दोन कथा आहेत, आणि बचतीसंबंधीचा सारा ख्रिस्ती विचार त्या दोहोंतील अंतरात सामावलेला आहे. पहिली उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची. मिसर देशात सात वर्षे सुकाळाची आणि त्यांच्यामागून सात दुष्काळाची येणार, हे फारोच्या स्वप्नावरून ओळखल्यावर योसेफाने जी तजवीज सुचविली ती अत्यंत व्यवहारी होती: सुकाळाच्या प्रत्येक वर्षी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा काढून घ्यावा, ज्या नगराच्या भोवती जे पिकले ते त्याच नगरात साठवावे, आणि त्यावर जबाबदार अंमलदार नेमावा. हिस्सा आधी ठरला आणि पीक नंतर आले, हे यातील मर्म होय. पीक आल्यावर किती उरते ते पाहून साठवू, असे योसेफाने म्हटले असते तर सुकाळाच्या वर्षांत मिसरी लोकांच्या जेवणावळीच वाढल्या असत्या.

या कथेचा उत्तरार्ध आपल्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. दुष्काळ पडल्यावर ज्यांच्या घरी काहीही साठा नव्हता ते लोक फारोच्या कोठाराकडे गेले. प्रथम त्यांनी रोख पैसा दिला, पैसा संपल्यावर गुरेढोरे दिली, गुरे संपल्यावर जमिनी दिल्या, आणि शेवटी स्वतःस फारोचे दास म्हणून लिहून देऊन बियाणे मागून घेतले. कोठार भरलेले होते, पण ते त्यांचे नव्हते. देशात धान्य असणे आणि आपल्या घरात धान्य असणे यांतील हा फरक ज्या शेतकऱ्याने जून महिन्यात कृषी केंद्राच्या काउंटरवर उभे राहून अनुभवला आहे, त्याला हा उत्तरार्ध समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे कोठार लूककृत शुभवर्तमानातील मूर्ख धनवानाचे. त्याचीही जमीन उत्तम पिकली, त्यानेही साठविण्याचा विचार केला, आणि जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत केला. परंतु त्याच रात्री त्याचा प्राण मागून घेण्यात आला. प्रभू येशूने या मनुष्याला मूर्ख ठरविले ते कोठार बांधले म्हणून नव्हे. त्या दृष्टांतात तो मनुष्य केवळ स्वतःशीच बोलतो: माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव; बायकोचा, मुलांचा, गड्याचा, गावातल्या विधवेचा तेथे उल्लेखही नाही. योसेफाचे कोठार पुढे येणाऱ्या भुकेसाठी होते आणि त्यातून परके कनानी लोक व त्याला विकून टाकणारे भाऊही जेवले. विटा त्याच, धान्य तेच, पण एका साठ्याला प्रयोजन होते आणि दुसऱ्याला नव्हते. म्हणून ख्रिस्ती मनुष्याने पैसे बाजूस ठेवताना ते कशासाठी आणि कोणासाठी हे वहीत लिहून ठेवावे, असा माझा आग्रह आहे. ज्या ठेवीला नाव नाही ती एक तर उधळली जाते किंवा तिचा लोभ जडतो.

बचत करणे हा विश्वासाचा अभाव आहे, असे मानणारी भाविक माणसे आपल्या मंडळ्यांत आढळतात. उद्याची चिंता करू नये असे प्रभूने सांगितले असता आपण विमा का उतरवावा आणि ठेव का ठेवावी, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यांनी निर्गमाच्या पुस्तकातील मान्ना या अन्नाची हकीकत पूर्ण वाचावी. एरवीच्या दिवशी ज्यांनी मान्ना सकाळपर्यंत ठेवला त्यात किडे पडले, हे खरे. परंतु शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवण्याची आज्ञा होती आणि तो साठा नासला नाही. म्हणजे ठेवण्यात दोष नव्हता. हपापाने ठेवण्यात होता. नीतिसूत्रांचा कर्ता आळशाला मुंगीकडे पाठवितो तेही याच कारणासाठी, आणि तीमथ्याला लिहिताना पौल तर म्हणतो की जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. चिंता आणि तरतूद या दोन भिन्न गोष्टी आहेत, किंबहुना जेथे तरतूद नसते तेथेच चिंता रात्रभर जागी असते.

यवतमाळ जिल्ह्यातील प्रोटेस्टंट समाजाची घडण मुख्यतः फ्री मेथडिस्ट मिशनच्या कार्यातून झाली. ही मंडळी १८६० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाली, आणि तिच्या नावातील ‘फ्री’ या शब्दाचा एक अर्थ पैशाशीच निगडित होता. त्या काळी तेथील अनेक चर्चांत पुढची बाके भाड्याने वा विकत दिली जात. ज्याच्याजवळ पैसा तो पुढे बसे आणि गरीब मागे उभा राही. या रूढीविरुद्ध बी. टी. रॉबर्ट्स आणि त्यांचे सहकारी उभे राहिले व त्यांनी सर्व बाके सर्वांना मोकळी केली. गुलामगिरीलाही त्यांचा विरोध होता. याच रॉबर्ट्सनी पुढे १८८६ साली पैसा आणि चलन या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. या मिशनचे एक मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड यांचा महाराष्ट्राशी आणखी एक ऋणानुबंध आहे: राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार देणारे गृहस्थ ते हेच.

फ्री मेथडिस्टांची वैचारिक वंशावळ जॉन वेस्लीपर्यंत जाते, आणि वेस्लीइतका काटेकोर हिशेब ठेवणारा धर्मोपदेशक इतिहासात विरळा. १७०३ साली जन्मलेल्या आणि १७९१ साली निवर्तलेल्या या गृहस्थाने मृत्यूच्या आदल्या वर्षापर्यंत आपला जमाखर्च स्वहस्ते लिहिला. ऑक्सफर्डमधील त्याच्या तरुणपणाचा दाखला प्रसिद्ध आहे. एका वर्षी त्याची मिळकत ३० पौंड होती, त्यात त्याने २८ पौंडांत भागविले आणि २ दिले. पुढच्या वर्षी मिळकत ६० झाली. खर्च २८ च राहिला आणि ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० पैकी ६२, चौथ्या वर्षी १२० पैकी ९२. मिळकत वाढली की गरजाही वाढल्याच पाहिजेत, हा आपण निसर्गनियम समजतो. वेस्लीने तो नियम मोडता येतो हे अंकांनी दाखविले. पैशाच्या विनियोगावरील त्याचे प्रवचन १७६० साली छापले गेले. त्याचा आशय असा की मनुष्याने शेजाऱ्याच्या शरीराला वा आत्म्याला इजा न करता प्रामाणिकपणे मिळवावे, चैन आणि दिखावा टाळून राखावे, आणि जे राखले ते द्यावे. पहिल्या दोन पायऱ्या चढून तिसरीपाशी थांबणाऱ्यांबद्दल त्याने उतारवयात वारंवार खेद व्यक्त केला आहे, कारण मेथडिस्ट लोक उद्योगी व काटकसरी झाल्यामुळे श्रीमंत होत चालले होते आणि श्रीमंत झाल्यामुळे थंड पडत चालले होते.

वेस्लीला ब्रह्मचर्याच्या काळी जे साधले ते मुलाबाळांच्या शेतकऱ्याला जसेच्या तसे साधणार नाही. म्हणून महागावकडचा एक हिशेब मांडून पाहू. अंक कल्पित आहेत, पण मांडणी कोणालाही आपल्या घरी करता येण्यासारखी आहे. समजा, एका कुटुंबाची ५ एकर कोरडवाहू जमीन आहे. ३ एकरांत कापूस, २ एकरांत सोयाबीन व त्यात तुरीच्या ओळी. एकरी ६ क्विंटल प्रमाणे कापूस १८ क्विंटल झाला आणि ७,००० रुपये दराने गेला तर १,२६,००० रुपये. सोयाबीन १० क्विंटल ४,५०० च्या भावाने ४५,०००. तूर २ क्विंटल ७,००० प्रमाणे १४,०००. एकंदर आवक १,८५,००० रुपये. बी, खत, फवारणी, निंदण-डवरणी, वेचणी, वाहतूक मिळून ९५,००० रुपये वजा जाता शेतीचे निव्वळ उत्पन्न ९०,०००. नवरा-बायकोची वर्षभरातली मजुरी ५४,००० धरली तर घराची खरी मिळकत १,४४,००० रुपये, म्हणजे महिन्याला १२,०००.

पहिली चूक येथेच होते. डिसेंबरात कापसाचा चुकारा हाती आला म्हणजे मनुष्य १,२६,००० रुपयांकडे पाहतो, आणि त्यातील मोठा भाग पुढच्या जूनचे बियाणे आहे हे विसरतो. बीज खाऊ नये हे आपल्या आजोबांना ठाऊक होते, कारण त्यांच्या घरी बीज कणगीत दिसत असे. सांप्रतचे बियाणे पाकिटात विकत मिळते, त्यामुळे ते पैशाच्या रूपाने आधीच खाऊन टाकले तरी कळत नाही.

आता १,४४,००० चे वाटप. दहावा हिस्सा १४,४०० रुपये देवाच्या कार्यासाठी व गरजूंसाठी. पाचवा हिस्सा, योसेफाच्या मापाने, २८,८०० रुपये साठ्यासाठी. उरले १,००,८००, म्हणजे दरमहा ८,४०० रुपये घरखर्चाला. किराणा, तेल-मीठ, दवाखाना, शाळा, वीज, मोबाइलचे रिचार्ज आणि पाहुणेरावळे हे सारे एवढ्यात बसविणे कठीण आहे, हे मी जाणतो. पण साठ्याचे काय होते ते पाहा. त्या २८,८०० चे दोन सारखे भाग केले आणि एक भाग आजारपण व अवर्षण यांसाठी राखून दुसरा, म्हणजे १४,४०० रुपये, केवळ बी-खताच्या खात्यात टाकला, तर ५ वर्षांत ७२,००० रुपये होतात. वेचणीची मजुरी माल विकता विकता भागत असल्यामुळे जून ते ऑगस्ट या काळात प्रत्यक्ष लागणारी रक्कम ७०,००० च्या आसपास असते. म्हणजे सहाव्या वर्षी ते कुटुंब कोणाचेही तोंड न पाहता पेरणी करू शकते. मधल्या काळात एखादे वर्ष बुडाले तर ही मुदत लांबेल, तथापि दिशा बदलणार नाही.

व्यवहारात यासाठी एकच युक्ती पुरते: कापसाचा व सोयाबीनचा सारा पैसा बँकेत अथवा पोस्टात जमा करावा, आणि दर महिन्याच्या ठरल्या तारखेला तेवढेच ८,४०० रुपये आपणच आपल्याला पगार म्हणून काढून द्यावे. मजुरीचे पैसे आठवड्याला हाती येतात, तेवढी रक्कम त्या महिन्याच्या पगारातून कमी काढावी. घरात रोजकीर्दीची एक साधी वही असावी, आणि रविवारी उपासनेहून परतल्यावर घरातल्यांनी एकत्र बसून त्या आठवड्याची रुजवात करावी. करिंथच्या मंडळीला पौलाने हीच शिस्त लावून दिली होती. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूस ठेवावे, म्हणजे तो आल्यावर वर्गणीची धावपळ नको, असे त्याने कळविले. हिशेब लिहिण्याला अध्यात्माहून हलके मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की प्रभूने शिष्याची तुलना वारंवार कारभाऱ्याशी केली आहे, आणि कारभाऱ्याला एक दिवस धनी परत येऊन वही मागतो.

दशांशाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या बाबतीत साध्याभोळ्या माणसांची फार ओढाताण होते. दशांश एकंदर आवकेवर द्यावा की निव्वळ मिळकतीवर, असे शेतकरी विचारतात. माझे उत्तर निव्वळ मिळकतीवर असे आहे. बियाण्याचा पैसा दुकानदाराचा असेल तर तो आपला नाही, आणि दुसऱ्याच्या पैशातून केलेले अर्पण हे अर्पण नव्हे. दावीद राजाने आपल्याला काही मोल पडले नाही असे होमार्पण करण्यास नकार दिला होता. नव्या करारात तर ठरावीक हिस्सा सक्तीने सांगितलेलाच नाही. ज्याने त्याने मनात ठरविल्याप्रमाणे, खेद न मानता द्यावे, एवढेच आहे. दहावा हिस्सा हे माप म्हणून उत्तम, पण ती सरकारी पट्टी नव्हे की न भरल्यास जप्ती यावी. आणि कर्ज काढून मोठी देणगी द्या म्हणजे देव दसपट परत करील, असे सांगणारे उपदेशक आढळतात, त्यांच्याविषयी मला कडक शब्द वापरावे लागतात: हा शुभवर्तमानाचा विपर्यास आहे. आईबापांच्या पालनाचा पैसा देवाला वाहिला असे जाहीर करून त्यांना उपाशी ठेवणाऱ्यांचा प्रभू येशूने निषेध केला. आणि ज्या विधवेच्या दोन टोल्यांच्या दानाचे आपण कौतुक करतो, तिच्या हकिकतीच्या अगदी आधीच्याच वचनांत विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना त्याने फटकारले आहे. ही दोन्ही वचने एकत्र वाचली पाहिजेत.

देणे हे नवरा-बायकोच्या संमतीने व्हावे, हेही सांगितले पाहिजे. वर उल्लेखिलेल्या कवी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची वाचकांना ओळख आहेच. टिळकांचे औदार्य खरे होते, त्यात संशय नाही. पण हातात आलेला पैसा समोरच्या गरजवंताला देऊन ते मोकळे होत आणि चुलीपुढची विवंचना लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. त्या माउलीने ते सारे प्रेमाने सोसले आणि निर्मळ विनोदाने लिहिले, म्हणून आपण हसतो. मला मात्र ते वाचताना नेहमी वाटते की त्या घरात वही लक्ष्मीबाईंच्या हाती असती, तर गरिबांना मिळाले तेवढे मिळूनही घरची ओढाताण कमी झाली असती. आमच्या खेड्यांतून घर प्रत्यक्षात स्त्रीच चालविते. तिला आवकेचा खरा आकडा न सांगणे हा अन्याय आहे, आणि तो ख्रिस्ती घरांतही होतो.

कर्ज हा या विषयाचा सर्वांत दुखरा भाग. यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात देशभर घेतले जाते, तेव्हा येथे कर्जाविषयी हलक्या हाताने लिहिणे पाप होईल. कर्जबाजारी माणूस आळशी वा पापी असतो, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. घेणारा देणाऱ्याचा दास होतो, एवढे ते म्हणते, आणि दोष बहुधा धनकोच्या पदरात टाकते. गरिबाकडून व्याज घेऊ नये, गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, जाते गहाण ठेवून घेऊ नये कारण ते म्हणजे माणसाचा जीवच, अशा आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहेत. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे जप्तीतून वगळली आहेत, त्यामागेही हाच न्याय आहे. नहेम्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तर दुष्काळात शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकून बसलेल्या लोकांचा आक्रोश आला आहे. नहेम्याने सावकारांना सभेत उभे करून शेते परत करविली आणि व्याज सोडून देण्याची शपथ घेवविली.

व्याजाचा अंक किती निर्दय असतो ते एका उदाहरणावरून दिसेल. ५०,००० रुपयांचे बी-खत शेकडा ३ रुपये दरमहाच्या व्याजाने सहा महिने उधार घेतले तर व्याज ९,००० रुपये होते, म्हणजे आपल्या कल्पित कुटुंबाचा एका महिन्याचा सारा पगार आणि वर काही. तीच रक्कम बँकेच्या पीककर्जातून ७ टक्के वार्षिक दराने घेतली तर सहा महिन्यांचे व्याज १,७५०, आणि वेळेवर फेड केल्यास मिळणारी ३ टक्क्यांची केंद्रीय सवलत धरली तर अवघे १,०००. म्हणून पीककर्जाची बाकी मुदतीत बेबाक करणे हे बचतीचेच सर्वांत मोठे काम आहे. शिल्लक पैसा ठेवीत घालून महागडे कर्ज तसेच ठेवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. अलीशा संदेष्ट्याकडे आलेल्या विधवेचे उदाहरण येथे स्मरते. धनको तिची दोन मुले दास म्हणून नेण्यास आला होता. संदेष्ट्याने प्रथम विचारले की तुझ्या घरात काय आहे. आणि तेल वाढल्यावर त्याने क्रम घालून दिला की आधी ते विकून ऋण फेड, मग उरलेल्यावर तू आणि तुझी मुले निर्वाह करा.

एकट्याने हे साधत नाही, तेव्हा गावाने एकत्र यावे लागते, आणि या बाबतीत ख्रिस्ती श्रद्धेने जगाला एक मोठी देणगी दिली आहे. जर्मनीत १८४६-४७ च्या दुष्काळात फ्रीड्रिश विल्हेल्म रायफायझेन नावाचा एक भाविक गावप्रमुख आपल्या लोकांना सावकाराच्या विळख्यात जाताना पाहत होता. प्रथम त्याने श्रीमंतांच्या दानातून मदत उभी केली; पण दान आटते हे अनुभवल्यावर १८६४ साली हेडेसडोर्फ येथे गरजूंनाच सभासद करून त्यांची पतसंस्था काढली. एका लहान गावापुरते कार्यक्षेत्र, एकमेकांना ओळखणारे सभासद, सर्वांची सामाईक जबाबदारी, आणि नफा न वाटता राखीव निधीत टाकणे हे तिचे नियम होते. मद्रास सरकारने नेमलेल्या फ्रेडरिक निकल्सन यांनी याच पद्धतीची शिफारस हिंदुस्थानासाठी केली आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. आज महागावच्या विविध कार्यकारी सोसायटीत पीककर्जाच्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या शेतकऱ्याचा, त्याला ठाऊक नसले तरी, त्या जर्मन खेड्याशी संबंध पोचतो.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजातही याचे उत्तम उदाहरण वसईला आहे. शेती व वाडी करणाऱ्या तेथील कॅथलिक कुटुंबांना सावकारापासून सोडविण्यासाठी १९१८ साली पतसंस्था निघाली, आणि तीच पुढे बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून नावारूपाला आली. आपल्याकडे १९९२ साली नाबार्डने बचतगट बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केल्यापासून दरमहा १०० रुपये टाकणाऱ्या दहा-पंधरा बायकांचा गटही तेच काम करतो. मंडळीच्या महिला सभेने असा गट चालवावा, पण पैसा मोजताना नेहमी दोघींनी मोजावा. शिष्यांची थैली एकट्या यहूदाकडे होती आणि तो तीतून काढून घेत असे, आणि पौल वर्गणी घेऊन निघाला तेव्हा लोकांपुढेही व्यवहार स्वच्छ दिसावा म्हणून त्याने इतर बंधूंना बरोबर घेतले.

पैसा ठेवावयाच्या जागांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पोस्टातील आवर्त ठेव दरमहा १०० रुपयांपासून ५ वर्षांसाठी काढता येते. बँकेत खाते असलेल्याला वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा मिळतो. सर्पदंश आणि विजेचा धक्का ज्या शेतात नित्याचे भय आहेत तेथे हे ४५६ रुपये प्रत्येक घराने काढावेत. बँका-सहकारी बँकांतील ठेवींना ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांना ते नाही, हे ठेव ठेवण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

राहता राहिला नाताळ. सणाचा आनंद मला कमी करावयाचा नाही. पण नाताळ नेमका कापसाचा पैसा हाती असताना येतो, त्यामागून लग्नसराई येते, आणि ज्या घराने डिसेंबरात सर्वांना नवे कपडे आणि एप्रिलात मांडवाला रोषणाई केली तेच घर जूनमध्ये पाकिटभर सरकीसाठी उधारी मागते. सणाचा व लग्नाचा खर्च साठ्यातून नव्हे, तर पगाराच्या ८,४०० मधून बारा महिने थोडा थोडा बाजूस काढून करावा. आणि मंडळीने पुढाकार घेऊन लग्नाच्या जेवणाची व मांडवाची मर्यादा ठरवून द्यावी. एकट्या बापाला आपल्या मुलीचे लग्न साधेपणाने करण्याचे धैर्य होत नाही, सर्वांनी ठरविले तर ते सहज होते. कापणी करताना शेताचे कोपरे सोडून द्यावेत आणि सरवा गरिबांसाठी ठेवावा, ही लेवीयातील आज्ञाही अशा वेळी आठवावी: शेजारच्या ज्या घरी या वर्षी पीक बुडाले, त्या घरच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च मांडवाच्या रोषणाईहून थोडाच असतो.

महागाव, उमरखेड, पुसद या भागांतील पाळकांना व पंचांना माझी विनंती आहे की मे महिन्यात, शेतकामाची घाई सुरू होण्यापूर्वी, एका रविवारी उपासनेनंतर सर्व कुटुंबांना वही-पेन्सिल घेऊन बसवावे. ज्याला लिहिता येते त्याने न लिहिता येणाऱ्याची वही लिहावी, आणि प्रत्येकाने चार आकडे मांडावेत: गेल्या वर्षीची खरी मिळकत, डोक्यावरची एकूण बाकी व तिचे व्याज, येत्या पेरणीला लागणारी रक्कम, आणि या हंगामात बाजूस काढावयाचा हिस्सा. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी हे काम व्हावे.